खोलीचा सौदा आणि पोटमाळ्याचा हिशेब

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागात कोणी खोली विकायला काढली, की गिऱ्हाईक दोन प्रश्न आधी विचारते. पहिला, 'भाव काय?' आणि दुसरा, 'पोटमाळा आहे का?' पहिल्याचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असते. पोटमाळा असला, गॅलरी आत घेतलेली असली, मोरीच्या जागी स्वतंत्र संडास केलेला असला, तर भाव चढतो. परंतु या वाढीव बांधकामाला परवानगी होती काय, आणि खोलीबरोबर ते विकता येते काय, हा तिसरा प्रश्न दोन्ही बाजू गिळून टाकतात. विकणाऱ्याला तो नको असतो, दलालाला तर नकोच असतो, आणि घेणाऱ्याला तो सुचत नाही. सुचतो तो पुढे चार-पाच वर्षांनी, महापालिकेची नोटीस दाराला चिकटते तेव्हा, किंवा पुनर्विकासाची यादी लागून त्यात आपल्या खोलीचे क्षेत्र निम्मेच लिहिलेले दिसते तेव्हा.

आमचे काम कामगार संघटनेचे. पगार, बोनस, ग्रॅच्युइटी यांच्या तक्रारी घेऊन येणारी माणसे पिशवीतून खोलीचे कागदही काढतात. कारण उघड आहे. कष्टकऱ्याच्या आयुष्यात मोठी रक्कम एकदाच हाती येते, आणि ती बहुधा खोलीतच जाते. आम्ही वकील नव्हे. जो काही कायदा शिकलो तो असे कागद वाचता वाचता. तेव्हा या विषयाची जी मांडणी आम्ही रोज चाळीत करतो, तीच येथे करीत आहोत.

प्रथम हे बांधकाम आले कोठून, ते पाहू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि त्यानंतर १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२० नंतर सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उठवल्या. त्यातल्या एका खोलीचे क्षेत्र सुमारे १६० चौरस फूट. खाजगी मालकांच्या चाळींतली मापेही याहून फार मोठी नव्हती. त्या खोलीत गावाकडून आलेला एक गिरणी कामगार आणि त्याचे चार गाववाले राहत होते. नंतर बायको आली, मुले झाली, मुलांची लग्ने झाली. कुटुंब वाढले, खोली तेवढीच राहिली. आडवी वाढायला जागा नव्हती, म्हणून ती उभी वाढली. भिंतीत लोखंडी गर्डर टाकले, वर फळ्या किंवा लाद्या बसवल्या, शिडी लावली, आणि थोरल्या मुलाचा संसार वर चढला. हा गरजेचा मामला होता आणि त्याची कोणाला लाज वाटण्याचे कारण नाही. प्रश्न निर्माण होतो तो गरज संपून विक्री सुरू होते त्या दिवशी. जी सोय आपण आपल्या जबाबदारीवर केली, तिला आता किंमत लावून ती दुसऱ्याच्या गळ्यात घालावयाची असते.

'खोली विकणे' हा शब्दप्रयोगही नीट समजून घेतला पाहिजे. चाळीतला पागडीचा रहिवासी हा भाडेकरू आहे. तो विकतो ती खोली नव्हे, तर खोलीवरचा आपला भाडेकरूपणाचा हक्क. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली पागडी घेणे हा गुन्हाच होता. तरी व्यवहार चालूच होते, पण अंधारात. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या ५६व्या कलमाने भाडेकरूला हक्क सोडताना वा दुसऱ्याला देताना मोबदला घेण्याची, आणि घरमालकाला संमती देण्यासाठी रक्कम घेण्याची मोकळीक दिली. म्हणून आज मालकाचा वाटा देऊन, त्याची लेखी संमती घेऊन, नव्या माणसाच्या नावे भाडेपावती करून घेता येते. याच कायद्याचे ५५वे कलम सांगते की भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. दादर-माटुंग्याकडे मालकीचे ब्लॉक आहेत, तेथे सोसायटीचा भागदाखला आणि मंजूर नकाशा हे मुख्य कागद. गिरगावात खोताची वाडी आहे, तिथल्यासारख्या स्वतंत्र घरांत जमीन आणि घर दोन्हींचे कागद. पण तिन्ही ठिकाणी नियम एकच: कागदावर आपले जेवढे आहे, तेवढेच आपल्याला विकता येते.

आता खोलीतल्या वाढीव गोष्टींचे तीन ढीग करावेत. सगळे एका मापाने मोजले की घोटाळा होतो.

पहिला ढीग किरकोळ कामांचा. १९९९ च्या कायद्याच्या १६व्या कलमात, भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचे बांधकाम केले तर मालक त्याच्याकडून जागेचा ताबा मागू शकतो, असे म्हटले आहे. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात काही कामे 'कायमचे बांधकाम' या शब्दांतून वगळली आहेत: लाकडी पडदी, स्वयंपाकाचा उभा ओटा, दार, जाळीकाम, हवेसाठी आवश्यक खिडकी, खोटे छत, वातानुकूलन यंत्र, धुराडे इत्यादी. जेथे महापालिकेची परवानगी लागते तेथे ती घेतलेली असावी, एवढीच अट. म्हणजे ओटा उभा केला वा पडदी घातली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. या गोष्टी खोलीबरोबर खुशाल द्याव्यात.

दुसरा ढीग जुन्या बांधकामांचा. मुंबई महापालिका राहत्या जागेतले १७ एप्रिल १९६४ पूर्वीचे आणि बिगरराहत्या जागेतले १ एप्रिल १९६२ पूर्वीचे बांधकाम 'सहन केलेले' या सदरात धरते. परवानगी नसली तरी ते केवळ तेवढ्या कारणाने पाडायचे नाही, असा त्याचा अर्थ. परंतु 'आमच्या आजोबांनी घातला' हे तोंडी सांगणे म्हणजे पुरावा नव्हे. त्या तारखेपूर्वीचा कर-आकारणीचा उतारा, जुना नकाशा, जुन्या भाडेपावतीवरची नोंद, असे काहीतरी हाती पाहिजे. शिवाय जुना लाकडी पोटमाळा काढून त्याजागी नवा लोखंडाचा आणि अधिक रुंदीचा घातला असेल, तर जुन्या तारखेचा आधार नव्या कामाला मिळेल असे धरून चालू नये.

तिसरा ढीग उरलेल्यांचा, आणि तोच सर्वांत मोठा. १९६४ नंतर, परवानगीवाचून, बहुधा एका रात्रीत किंवा गणपतीच्या सुट्टीत झालेली कामे. यात पोटमाळा येतो, आत घेतलेली गॅलरी येते, बाहेर काढलेला सज्जा येतो. त्यातही गॅलरीची गोष्ट निराळी आहे. पोटमाळा निदान आपल्या चार भिंतींत असतो. गॅलरी ही मजल्यावरच्या सर्वांची वाट असते. ती अडवली तर आपण महापालिकेचा नियम मोडतोच, शिवाय शेजाऱ्याचा हक्कही खातो. आग लागली तर तेथूनच पळायचे असते. अशी गॅलरी विकणे म्हणजे शेजाऱ्याची वस्तू विकणे. ती विक्रीपूर्वी मोकळी करून द्यावी, हेच बरे.

या तिसऱ्या ढिगाविषयी चार समजुती आम्हाला वारंवार ऐकू येतात. एक, 'आम्ही त्याची घरपट्टी भरतो.' घरपट्टी भरल्याने बांधकाम कायदेशीर होत नाही. महापालिका अधिनियमाच्या १५२-अ कलमाखाली बेकायदा बांधकामावर दंडासह कर बसतो, आणि असा कर घेतला म्हणजे बांधकाम नियमित झाले असे समजू नये, हेही तेथेच लिहिले आहे. दोन, 'विजेचे मीटर आमच्या नावावर आहे.' मीटरने वीज मोजली जाते, मालकी नव्हे. तीन, 'मालकाचा मेहता दर महिन्याला येऊन पाहून जातो, तो कधी बोलला नाही.' मेहत्याचे मौन म्हणजे मालकाची लेखी संमती नव्हे. चार, 'ज्याने बांधले त्याच्यावर कारवाई होईल, घेणाऱ्यावर कशी?' ही समजूत सर्वांत घातक. ३५१व्या कलमाची नोटीस बांधणाऱ्यालाच नव्हे, तर त्या वेळी जो मालक असेल त्यालाही काढता येते, आणि सात दिवसांच्या आत कारण दाखवावे लागते. पडायचे ते बांधकाम पडते. त्याखाली राहणारा नवा असो की जुना, फरक पडत नाही. विकणारा तोवर बदलापूरला किंवा सावंतवाडीला जाऊन स्थिरावलेला असतो.

'मग नियमित करून घ्या की,' असे कोणी म्हणेल. प्रयत्न अवश्य करावा. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यात बांधकाम ठेवण्याची परवानगी मागण्याची वाट आहे. पण ती नियमात बसणाऱ्या बांधकामाला. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहण्याच्या पोटमाळ्याला किमान २.२ मीटर उंची हवी आणि त्याच्याखालीही तेवढीच. दोन्ही मिळून ४.४ मीटर, म्हणजे साडेचौदा फुटांच्या जवळपास, आणि वर फळ्यांची जाडी. एवढी उंच खोली आपल्या किती चाळींत आहे? वर वाकून चालावे लागते तो पोटमाळा सामान ठेवण्याचा माळा म्हणून कदाचित चालेल. राहण्याची जागा म्हणून नाही. शिवाय अर्जासाठी जागेच्या मालकाचे सहकार्य लागते, वास्तुविशारद लागतो, शुल्क लागते. म्हणून 'पुढे नियमित होईल' या आश्वासनावर कोणी एक रुपयाही देऊ नये, आणि कोणी घेऊही नये.

आता हिशेब. समजा, भाडेपावतीप्रमाणे खोली बारा बाय पंधरा, म्हणजे १८० चौरस फूट. आत १२० फुटांचा पोटमाळा आहे आणि ४८ फूट गॅलरी आत घेतली आहे. दलाल बेरीज करतो: ३४८. मग तो म्हणतो, 'साडेतीनशे फूट जागा.' घेणारा ३४८ फुटांचे पैसे मोजतो. शेजारच्या खोलीत पोटमाळा नाही. ती १८० फुटांच्या भावाने जाते. पुढे दोन्ही खोल्यांची चाळ पुनर्विकासाला जाते. शहर भागातल्या उपकरप्राप्त जुन्या इमारतींसाठी विकास नियंत्रण नियमावलीतला ३३(७) हा नियम आहे. त्याप्रमाणे प्रत्येक राहत्या भाडेकरूला त्याच्या जुन्या जागेइतके, पण किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळते. जुन्या इमारतीचे क्षेत्र मोजताना अनधिकृत बांधकाम धरायचे नाही, असेही तेथे लिहिले आहे. म्हणजे पोटमाळेवाल्यालाही ३००, बिनपोटमाळेवाल्यालाही ३००. त्यावर नियमाने मिळणारी वाढही दोघांना सारखीच. पहिल्याने १६८ फुटांचे जे जादा पैसे मोजले, ते वाऱ्यावर गेले. बी. डी. डी. चाळींतही तोच न्याय आहे. तिथे १६० फुटांच्या खोलीमागे ५०० फुटांचे घर ठरले. वर पोटमाळा होता की नव्हता, हे कोणी विचारले नाही. आणखी एक गोष्ट. पोटमाळ्यावर वेगळे बिऱ्हाड ठेवून 'दोन घरे मिळतील' म्हणून दोन जणांना विकण्याचे प्रकार होतात. १३ जून १९९६ नंतर निर्माण केलेला नवा भाडेकरूपणा या नियमात धरला जात नाही. एका पावतीची दोन घरे होत नाहीत.

येथपर्यंत पैशाची गोष्ट झाली. जिवाची त्याहून मोठी आहे. जुन्या चाळी लाकडी तुळयांवर आणि विटांच्या भिंतींवर उभ्या आहेत. भिंतीला भोके पाडून गर्डर खुपसले, त्यावर लादी घातली, वर दोन कपाटे आणि पाण्याचे पिंप ठेवले, म्हणजे जी भिंत एका मजल्याचे ओझे घेणार होती ती दोन मजल्यांचे घेते. मोरीचा संडास केला की पाणी तुळईच्या टोकात मुरते, आणि लाकूड कुजते ते बाहेरून दिसत नाही. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावला बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ माणसे गेली. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला इमारत पडून १७ गेली. दोन्ही वेळी तळमजल्यावर केलेल्या फेरफारांकडे बोट दाखवले गेले. आपल्या मजल्यावर केलेल्या कामाचे ओझे आपल्या खालच्या आणि वरच्या, दोन्ही बिऱ्हाडांवर पडते. म्हणून भिंतीतला गर्डर कोठे आहे, मधली भिंत कोणती काढली, हे घेणाऱ्याला सांगणे ही केवळ कायद्याची बाब राहत नाही.

कायदाही या बाबतीत मुका नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५व्या कलमाने विक्रेत्यावर बंधन घातले आहे: मालमत्तेतला वा आपल्या हक्कातला जो महत्त्वाचा दोष आपल्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण दक्षतेने त्याला सापडणार नाही, तो सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही लबाडी ठरते. १८७२ च्या करार कायद्यातही माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणे म्हणजे फसवणूक, असे म्हटले आहे. आणि फसवणुकीने झालेला करार फसलेल्याला रद्द करून घेता येतो. मात्र दोन्ही ठिकाणी घेणाऱ्याच्या दक्षतेचीही अपेक्षा आहे. वरळीच्या कँपा कोला आवारात १९८१ ते १९८९ च्या दरम्यान मंजुरीपेक्षा ३५ मजले अधिक बांधले गेले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या मजल्यांना संरक्षण नाकारले. तिथले घेणारे सुशिक्षित आणि पैसेवाले होते. भोगवटा प्रमाणपत्र नाही, हे न विचारण्याची किंमत त्यांनाही चुकली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की बँकांनी इमारतीचा पूर्णत्वाचा वा भोगवट्याचा दाखला तपासूनच तारणावर कर्ज द्यावे. तेव्हा मालकीच्या ब्लॉकात केलेली वाढ लपवून विकणे आता अधिकच कठीण होणार.

मग करावे काय? विकणाऱ्याने फीत घेऊन खोली मोजावी आणि कागदावर दोन आकडे वेगळे लिहावेत: भाडेपावतीचे वा मंजूर नकाशाचे क्षेत्र, आणि वाढीव क्षेत्र. काढण्यासारखे असेल ते काढून टाकावे. गॅलरी तर आधी मोकळी करावी. नोटीस आलेली असेल तर तिची प्रत दाखवावी. मालकाच्या संमतिपत्रात पोटमाळ्याचा उल्लेख करवून घ्यावा. नाही तर मालक पावती बदलून देतो आणि पुढे त्याच पोटमाळ्यावरून नव्या माणसावर दावा लावतो. आणि करारात साध्या मराठीत लिहावे: 'खोलीचे क्षेत्र १८० चौरस फूट. आत १२० फुटांचा पोटमाळा आहे, तो अमुक साली घातला, त्यास महापालिकेची परवानगी नाही. ही गोष्ट घेणाऱ्यास सांगितली असून किंमत १८० फुटांची धरली आहे.' या चार ओळींनी पोटमाळा कायदेशीर होत नाही, पण सौदा स्वच्छ होतो. फार तर लोखंड-लाकडाची मोडीची किंमत वर घ्यावी.

घेणाऱ्याने इसार देण्यापूर्वी मागील काही वर्षांच्या भाडेपावत्या पाहाव्यात, कर-आकारणीचा उतारा पाहावा, दुरुस्ती मंडळाच्या नोंदीत भाडेकरू कोण व क्षेत्र किती ते विचारावे, आणि महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात त्या खोलीवर नोटीस आहे काय याची माहितीच्या अधिकाराखाली चौकशी करावी. खालच्या बिऱ्हाडात जाऊन छताकडे एकदा मान वर करून पाहावे. ओल दिसली तर दलालाच्या शब्दापेक्षा त्या ओलीवर विश्वास ठेवावा.

यावर एक आक्षेप हटकून येतो, आणि तो खोटा नाही. 'साहेब, सगळी चाळ ३४८ म्हणून विकते. मी एकटा १८० म्हणालो तर माझेच नुकसान. मुलीचे लग्न आहे, गावचे घर बांधायचे आहे.' १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या किती कुटुंबांनी अशाच नडीपोटी खोल्या विकल्या, हे या भागाला सांगायला नको. नडलेल्या माणसाला एकट्याने खरे बोलायला सांगणे सोपे आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. पगाराचे जसे आहे तसेच येथे आहे. एकटा कामगार योग्य दर मागतो तेव्हा त्याला दार दाखवतात. सगळे मिळून मागतात तेव्हा तोच दर ठरतो.

म्हणून आमची सूचना भाडेकरूंच्या समितीला आहे. सार्वजनिक गणपतीची वर्गणी जी समिती घरोघर गोळा करते, तिनेच एका रविवारी फीत घेऊन सगळ्या खोल्या मोजाव्यात. वहीत प्रत्येक खोलीपुढे दोन रकाने ठेवावेत: पावतीवरचे क्षेत्र आणि वाढीव क्षेत्र. भिंतीत गर्डर कोठे खुपसले आहेत तेही लिहावे. ही वही खोली घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला पाहायला मिळावी. मग त्या चाळीत कोणालाच साडेतीनशे फूट म्हणता येणार नाही आणि खरे बोलणारा एकटा पडणार नाही. पुनर्विकासाची बोलणी निघतील तेव्हा विकासकापुढे ठेवायला हीच वही उपयोगी पडेल. आणि एखादी भिंत धोक्यात असेल, तर ती पडण्याआधी कळेल.

खोली घेणारा बहुधा आपल्यातलाच कोणी असतो: दुसऱ्या कारखान्यातला, बेस्टमधला, गोदीतला, निवृत्तीचे पैसे हातात असलेला. आपली अडचण भागवण्यासाठी आपण त्याला नसलेले १६८ फूट विकले, तर मालकाचे काही जात नाही आणि दलालाचेही जात नाही. जाते ते त्याचे. एवढे ध्यानात ठेवून फीत हातात घ्यावी.